दगड विकणाऱ्या बाईने केलेली मॅग्माची सहल: पैसे वसूल, पण जाहिरात बदला

आधी निकाल सांगून टाकते. दोन दिवसांची भूगर्भ-सहल, माणशी साडेतीन हजार रुपये, शनिवारी मुंबई आणि रविवारी कसारा घाट, गाडी, चहा-नाश्ता आणि जेवण धरून. पैसे वसूल झाले. मात्र ते शनिवारच्या फोटोजोग्या ठिकाणांनी वसूल झाले नाहीत. रविवारी घाटात जेमतेम अर्धा तास दाखवलेला एक काळा कातळ आणि आदल्या संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये पंख्यांच्या घरघरीत झालेलं व्याख्यान, या दोन गोष्टींनी झाले. जाहिरातीत या दोन्हींचा धड उल्लेख नाही. तिथे मोठ्या अक्षरांत होतं, ‘लाव्हाच्या समुद्रावर उभे राहा!’ हे वाक्य काढा, असं मी त्यांना फोन करून सांगितलंय. का, ते पुढे येईल.

आयोजकांचं नाव देत नाही. मंडळी तरुण आहेत, नुकतीच धडपड सुरू केलीय, आणि माझ्या तक्रारी त्यांच्यापर्यंत थेट पोचल्या आहेत. शिवाय अशा भूगर्भ-सहली काढणारे आणखीही गट आहेत. कुणाबरोबरही गेलात तरी काय बघायचं आणि कशासाठी हट्ट धरायचा, एवढं या लिखाणातून कळावं म्हणून हा खटाटोप.

माझं कल्याणला मार्बल-ग्रॅनाइटचं दुकान आहे. सासऱ्यांनी शहाबादी आणि कडप्पा विकून सुरू केलेलं, आता मी बघते. दिवसभर ‘ताई, यावर हळदीचा डाग बसतो का?’ आणि ‘मोल्डिंगसकट रनिंग फूट किती?’ यांचीच उत्तरं देत असते. त्यामुळे दगडाकडे माझी नजर जाते ती दुकानदाराची. दाणा कसा आहे, केसासारखी चीर आहे का, पॉलिश धरेल का. तो दगड तयार कसा झाला, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून मीही कधी विचारला नव्हता. सहलीला नेलं ते ओंकारने, माझ्या भाच्याने. तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि ‘आत्या, तू आयुष्यभर हेच विकतेस, जरा बघ तरी’ म्हणून मागेच लागला.

शनिवारची सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून. गाडी वीस-पंचवीस मिनिटं उशिरा आली, ते सोडून देते. मार्गदर्शक होते भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना सरच म्हणत होते. त्यांनी आम्हाला आत नेलंच नाही. बाहेर भिंतीपाशी उभं केलं आणि विचारलं, ‘इथे किती प्रकारचे दगड दिसतात?’

जॉर्ज विटेटने आखलेल्या या इमारतीत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आहे आणि मालाडचा पिवळट ट्रॅकाइट आहे. दोन्ही मुंबईच्याच खाणींतले. करड्या दगडावर दहापट मोठं करणारं भिंग धरलं तरी दाणा दिसता दिसत नाही, इतका तो बारीक. पिवळट दगडाचा रंग, पोत, सगळंच निराळं. भिंगाखाली त्यात फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे छोटे चकचकीत कण उन्हात तिरपे धरले की लकाकतात. सरांनी आकडे दिले. बेसाल्टमध्ये सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, साधारण निम्मी, पन्नास टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे. ट्रॅकाइटमध्ये साठाच्या वर. दोन्ही शिलारसापासूनच, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडापासून (मॅग्मापासून) झालेले, दोन्ही दख्खनच्या ज्वालामुखी काळातले, खाणी एकमेकींपासून लोकलने काही स्टेशनांच्या अंतरावर. मग एक करडा आणि एक पिवळा कसा?

सगळी सहल या एका प्रश्नावर बेतली होती. हे मला फार आवडलं. ‘हा घाट बघा, तो धबधबा बघा’ असल्या सहली पुष्कळ केल्यात. इथे प्रश्न सकाळी हातात दिला आणि उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टप्प्याटप्प्याने सोडवत नेलं. फक्त सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती आणि आलेख इतके बारीक छापलेले की त्यासाठीही भिंग लागावं. गाडीतले दोन-तीन जण सोडले तर सगळे मराठी बोलणारे. पुस्तिका मराठीत करायला काय हरकत होती?

गिल्बर्ट हिलला गरजेपेक्षा जास्त वेळ गेला. अंधेरीतल्या इमारतींच्या आणि झोपड्यांच्या मधोमध एकसष्ट मीटर उंच उभे खांब, माथ्यावर गावदेवीचं मंदिर, कातळातल्या पायऱ्या. जागा भन्नाट आहे यात शंकाच नाही. तप्त दगड थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या भेगा पडत जातात, त्यातून हे खांब होतात. हे पाच मिनिटांत सांगून झालं. उरलेला वेळ लोकांनी सेल्फीत घालवला. कामाची गोष्ट सरांनी उतरताना सांगितली. या टेकडीचं वय सगळीकडे साडेसहा कोटी वर्षांच्या पुढे छापतात, पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, दगडातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या मोजणीत ते सुमारे ६ कोटी ५ लाख निघालं. सह्याद्रीतले लाव्हाचे मुख्य थर सुमारे ६ कोटी ६० लाखांचे. म्हणजे घाट आधीचे आणि मुंबई पन्नासेक लाख वर्षांनी मागाहून आलेली. माझी समजूत होती की सगळं एकाच दणक्यात झालं.

हा फरक पुढच्या गोष्टीला फार महत्त्वाचा आहे. घाटातले थर आडवे, एकावर एक रचलेले. मुंबईचे थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले. साधारण ६ कोटी २०-३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्सचा, म्हणजे आज हिंदी महासागरात असलेल्या बेटांचा, तुकडा आपल्या किनाऱ्यापासून सुटला. त्या ताणात इथलं भूकवच पातळ झालं, वाकलं, तुटलं, आणि मुंबईचे दगड त्याच उलथापालथीच्या आगेमागे आले. उत्तनजवळच्या डोंगरीला जो रायोलाइट दाखवला, त्याचं वय याच सुमाराला येतं. रायोलाइट म्हणजे सिलिका सत्तर टक्क्यांच्या पुढे. फिक्या रंगाचा, आणि त्यात लाटांसारख्या बारीक रेषा. इतका चिकट रस की वाहताना त्याच्या स्वतःच्याच घड्या पडलेल्या. बेसाल्टचा रस मैलोन्मैल पसरतो, हा हललाच तर मुश्किलीने.

उत्तनच्या वाटेवर भाईंदरची मिठागरं लागली आणि तिथे सरांनी गाडी थांबवली. हा थांबा कार्यक्रमात नव्हता. सर म्हणाले, ‘खाडीचं पाणी आटत जातं तसं आधी मीठ खाली बसतं. मीठ ओढून घेतलं की मागे उरतं ते पाणी चाखून बघा, कडू लागेल. त्यात मॅग्नेशियम साठलेलं असतं. पाणी तेच, पण त्यातून एक वस्तू बाहेर पडली म्हणून उरलेलं बदललं.’ शिलारसाचंही तसंच. थंड होताना आधी ऑलिव्हिन, मग पायरॉक्सिन, कॅल्शियमवालं फेल्डस्पार अशा खनिजांचे स्फटिक धरतात. यांत सिलिका तुलनेनं कमी असते. ते रसातून वेगळे झाले की उरलेल्या रसात सिलिका, सोडियम, पोटॅशियमचं प्रमाण चढत जातं. बेसाल्टपासून निघालेला रस या वाटेने ट्रॅकाइटपर्यंत आणि त्याही पुढे जाऊ शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्मन बोवेन या भूशास्त्रज्ञाने भट्टीत दगड वितळवून, वेगवेगळ्या तापमानाला झटकन थंड करून हा क्रम दाखवून दिला.

एवढ्यावर उत्तर मिळालं असं वाटून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण सर प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, मुंबईच्या रायोलाइटबद्दल दोन मतं आहेत. एक हे, स्फटिक बाजूला होत होत रस बदलला. दुसरं असं, की वर येणाऱ्या बेसाल्टच्या उष्णतेने खोलवर गाडलेला आधीचा बेसाल्ट किंवा गॅब्रो (बेसाल्टचाच रस, पण जमिनीखालीच थिजलेला) थोडासा पुन्हा वितळला, आणि त्या थोडक्या वितळण्यातून हा सिलिकाबहुल रस निघाला. दुसऱ्या मताला बळ का, तर मधल्या पायरीचे दगड दख्खनमध्ये फार कमी सापडतात. जिना चढून कोणी वर गेलं असेल तर मधल्या पायऱ्यांवर पावलं दिसायला हवीत ना! मला हे आवडलं. दुकानात मालाबद्दल खात्रीने बोलणारे फार भेटतात, पण ‘इथपर्यंत पक्कं, यापुढे वाद’ असं सांगणारा विरळा.

आता संध्याकाळचं व्याख्यान. मीरा रोडच्या एका शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक सारखा खरखरणारा. सुरुवातीला आयोजकांपैकी एका मुलाने संगणकावर पृथ्वीचं चित्र दाखवलं. कवचाखाली सगळं केशरी, उकळतं, बुडबुडे येणारं. त्याचं झाल्यावर ओंकारने हात वर केला. ‘सर, हा लाव्हाचा समुद्र नेमका किती किलोमीटरवर आहे?’

सरांनी सरळ सांगितलं, ‘कुठेच नाही. ते चित्र चुकीचं आहे.’ तो मुलगा बिचारा ओशाळला.

कवचाखालचं प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, जवळजवळ सगळं घन दगड आहे. हे कसं कळतं? भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि प्रावरणातून त्या व्यवस्थित जातात. त्या अडतात सुमारे २९०० किलोमीटर खोल, बाह्य गाभ्यापाशी. तिथे द्रव आहे, पण तो लोखंडाचा, आणि ज्वालामुखीतून येणाऱ्या रसाशी त्याचा संबंध नाही. मग सरांनी खिशातून रुमालात बांधलेला एक दगड काढला आणि फिरवायला दिला. लिंबाएवढा, बाहेरून काळ्या लाव्हाचं कवच, आत पोपटी-हिरव्या दाण्यांचा गोळा. कच्छमधल्या काही ज्वालामुखी टेकड्यांमध्ये असे तुकडे सापडतात. वर येणाऱ्या रसाने खोल प्रावरणातून तोडून आणलेले. हाताला दाणेदार, खरखरीत, साखरेपेक्षा जाड कण, आणि आकाराच्या मानाने चांगलाच जड. हातात घेतला आणि मला एकदम पटलं. खाली आहे ते हे. हिरवं आणि घट्ट.

घट्ट आहे तर मग वितळतं कसं? इथे व्याख्यानाचा गाभा होता, आणि माझ्या मते साडेतीन हजारांपैकी निम्मे या वीस मिनिटांचे. आपण समजतो की काहीतरी तापतं म्हणून वितळतं. प्रावरणात बहुतेक वेळा तसं होत नाही. दगड आधीच तापलेला असतो, पण वरच्या ओझ्याच्या दाबामुळे वितळू शकत नाही. जमिनीच्या पातळीवर हा हिरवा दगड ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागेल. शंभर किलोमीटर खोलवर त्याच दगडाला वितळायला १४५० ते १५०० अंश लागतात. म्हणजे वर येताना वितळणांक किलोमीटरमागे तीन-चार अंशांनी उतरतो. आणि हळूहळू वर सरकणाऱ्या घन दगडाचं स्वतःचं तापमान किलोमीटरमागे जेमतेम अर्धा अंश घटतं. फळ्यावर दोन रेषा काढा. कुठे ना कुठे त्या एकमेकींना छेदणारच. जिथे छेदतात तिथे दगड वितळायला लागतो. त्याला नव्याने उष्णता कुणीही दिलेली नसते, दाब कमी झालेला असतो.

तेही सगळा वितळत नाही. शंभरातले दहा-वीस भाग, पुष्कळदा त्याहून कमी. दाण्यांच्या कडांना पाझर फुटतो. जे घटक आधी वितळतात ते त्या पाझरात जास्त उतरतात, म्हणून हिरव्या दगडातून काळा बेसाल्ट मिळतो. घन दगडाची घनता पाण्याच्या सव्वातीनपट, या रसाची पावणेतीनच्या आसपास. हलका म्हणून तो वर निघतो. दख्खनच्या बाबतीत खोलवरून वर येणारा नेहमीपेक्षा जास्त गरम असा प्रावरणाचा स्तंभ आपल्या भूखंडाखाली आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपला भूखंड उत्तरेला सरकत गेला, तो स्तंभ तिथेच मागे राहिला. आज त्याच्यावर रियुनियन बेट आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर उद्रेक करतो. लक्षद्वीप-मालदीवची रांग म्हणजे मधल्या प्रवासाची खूण.

श्रोत्यांतल्या एका काकांनी विचारलं, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं म्हणजे खाली अजून शिलारस आहे का? नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं, वर येतं, त्याला शिलारस लागत नाही. काकांचा विरस झालेला दिसला. भारतातला जागता ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर. दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्याची तऱ्हा वेगळी. तिथे समुद्राचा तळ दुसऱ्या तुकड्याखाली घुसतो, सोबत नेलेलं पाणी खोलवर सोडतो, आणि पाणी मिसळलं की प्रावरणाचा वितळणांक उतरतो. जपान, इंडोनेशिया, सगळे याच तऱ्हेचे. हा भाग सरांनी उरकला. दख्खनशी थेट संबंध नाही म्हणून मला ते चाललं, पण ओंकार नाराज होता.

रविवारी कसारा घाट. जुन्या रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि सरांनी एका कापलेल्या कातळाकडे नेलं. सांगते, मी आजवर हजारो स्लॅब उलटसुलट करून बघितल्या असतील. असं काही बघितलं नव्हतं. काळ्या दगडात पांढरट काचेसारखी पाती, बोटाच्या पेराएवढी, काही त्याहून लांब. एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली. काही ठिकाणी चार-पाच मिळून फुलासारखी धरलेली, काही ठिकाणी सगळी एकाच दिशेने झोपलेली, कारण रस वाहताना त्यांनाही त्याच बाजूला घेऊन गेला. नखाने खरवडलं तर ओरखडा उठत नाही. सुटून पडलेला एक तुकडा तिरपा धरला की पात्यावर बारीक समांतर रेषा चमकतात. हातोडा आणायला मनाई होती, हे योग्यच. पाहुण्यांनी एकेक तुकडा नेला तर घाट उरायचा नाही.

ही पाती प्लॅजिओक्लेज नावाच्या फेल्डस्पारची, म्हणून याला जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट म्हणतात. सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या भागात असे थर ठरावीक पातळ्यांवर येतात. भूशास्त्रज्ञ तिथेच एक गट संपून दुसरा सुरू झाला असं धरतात. त्यातल्या एकाला याच घाटाचं, म्हणजे थळ घाटाचं (कसारा घाटाचंच दुसरं नाव) नाव आहे. महत्त्व यासाठी, की एवढा मोठा स्फटिक जमिनीवर वाहत्या लाव्हात वाढू शकत नाही. त्याला खाली, कवचात, तापमान फारसं न हलता पुष्कळ वेळ मिळायला हवा. सरांनी तिथेच हिशोब करायला लावला. असे स्फटिक वाढण्याचा एक अंदाजी वेग धरा, सेकंदाला सेंटिमीटरचा दहा अब्जावा भाग. एका सेंटिमीटरला किती वर्षं? ओंकारने मोबाइलवर केलं, तीनशे सतरा. वेग दहापट कमी धरला तर तीन हजारांवर. मी त्या पात्यावर अंगठा ठेवून उभी होते. अंगठ्याखालच्या तेवढ्या अंतरात शिवाजी महाराजांच्या काळापासून आजपर्यंतचा काळ मावत होता.

म्हणजे रस वितळला आणि सरळ वर आला, असं इथे झालेलं नाही. तो वाटेत थांबला, थंड होत राहिला, ऑलिव्हिन-पायरॉक्सिनसारखे जड स्फटिक मागे ठेवत गेला. ही हलकी पाती मात्र त्यात तरंगत वाढत राहिली. म्हणूनच या थरांतल्या काळ्या भागातही मॅग्नेशियम कमी आणि लोह-टायटॅनियम जास्त सापडतं. मग कधीतरी खालून नवा रस घुसला किंवा कवच ताणलं गेलं आणि सगळं पात्यांसकट वर ढकललं गेलं. अशा थांब्याला पुस्तकांत मॅग्मा चेंबर म्हणतात आणि चित्रात फुगा काढतात. आता असं समजतात की तिथे बहुतांश काळ स्फटिकांचा गच्च लगदा असतो आणि त्याच्या फटींत थोडा रस. पूर्ण द्रवाचे कप्पे लहान असतात. २००९ मध्ये आइसलँडच्या क्राफ्लात गरम वाफेसाठी भोक पाडताना २.१ किलोमीटरवर अचानक रायोलाइटचा वितळलेला रस लागला. तो तिथे आहे हे आधी कोणाला कळलेलंही नव्हतं. हवाईच्या किलाउआत २०१८ साली एका भेगेतून बेसाल्टऐवजी चिकट, जास्त सिलिकाचा अँडेसाइट आला. जुन्या उद्रेकातला रस खालीच अडकून, थंड होत, बदलत बसला होता, त्याला नव्या रसाने बाहेर काढलं.

आणि हे सगळं ऐन रंगात असताना आयोजकांची शिट्टी. पुढच्या धबधब्याच्या पॉइंटला गर्दी होईल म्हणे! माझा खरा राग इथे आहे. ज्या कातळासाठी लोकांना मुंबईहून घाटात आणलंत, तिथे अर्धा तास, आणि हायवेवरच्या हॉटेलात जेवणाला दीड तास. शिवाय रस्त्याची ती कडा अरुंद आहे, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, आणि आमच्यात लहान मुलं होती. केशरी शंकू ठेवा, एक माणूस झेंडा घेऊन उभा करा, एवढं तर करता येतं.

उरलेला एक मुद्दा सरांना धावत्या गाडीत सांगावा लागला आणि मागच्या बाकांवर निम्मा ऐकूच आला नाही. तो असा, की रस वाटेतल्या खडकालाही खातो. आपल्या बेसाल्टखाली काय आहे हे कोयनेला कळलं. १९६७ च्या भूकंपानंतर त्या भागाचा अभ्यास चालूच होता, पुढे तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे दाब-उष्णतेने बदललेला पट्टेदार खडक). दख्खनचा सगळा रस असल्या जुन्या खडकातून वाट काढत आला. काही रस तिथे रेंगाळला आणि त्यात कवच विरघळलं. ते ओळखायला स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, गुणोत्तर मोजतात. आंबेनळी घाटाच्या नावाच्या थरात ते ०.७०४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ प्रावरणातून आला तसाच. लोणावळ्याकडच्या बुशे थरात ०.७१३ च्याही पुढे, म्हणजे वाटेत भरपूर ग्रॅनाइट पोटात गेलेला. डोळ्यांना दोन्ही काळेच. दगडाची पारख मी रंगावर आणि दाण्यावर करते, इथे माझी विद्या संपली.

दुपारनंतर दऱ्या दाखवल्या. दऱ्या छान असतातच. इगतपुरीचं पिठलं-भाकरी आणि ठेचा मात्र उत्तम, पुन्हा वाढायलाही कुरकूर नाही.

दुकानाशी जोडून एक सांगते. ब्लॅक गॅलक्सी नावाने आम्ही जो सोनेरी ठिपक्यांचा काळा ‘ग्रॅनाइट’ विकतो, तो आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीहून येतो. दख्खनपेक्षा कितीतरी जुना, आणि जातीने गॅब्रो. म्हणजे बेसाल्टचाच रस जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, आणि ते सोनेरी ठिपके पायरॉक्सिनचे. मी मोबाइलवरचा फोटो सरांना दाखवला तर ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही लोकांच्या ओट्यावर मॅग्मा चेंबरचा तळ बसवता.’ हल्ली गिऱ्हाइकाला हे सांगते. भाव तरीही तेवढाच पाडून मागतात.

जाणार असाल तर पावसाळ्यात नको. कातळ ओला असला की पाती दिसतात छान, पण पाय ठरत नाही आणि रस्त्याची कडा निसरडी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना व्याख्यान झेपणार नाही, त्यांच्यासाठी शनिवारचा अर्धा भाग पुरेसा आहे आणि तेवढाच घेतला तर निम्मे पैसे घेतात, आधी विचारावं लागतं. स्वतःचं भिंग न्या, त्यांच्याकडची दोन-तीनच आहेत आणि ती पुढच्या रांगेतच फिरतात. गाडीत पुढे बसा. आणि बुकिंग करतानाच त्यांच्याकडून कबूल करून घ्या की घाटातल्या त्या कातळापाशी निदान तासभर थांबू, धबधबा राहिला तरी चालेल.